बाहेरच्या रीजनची डीव्हीडी घरी लागत नाही? आधी अडतंय कुठे ते बघा

तुम्ही लिहिलंय की बहिणीनं अमेरिकेतून सात डीव्हीडी पाठवल्या, सहा विकतच्या आणि एक भाचीच्या नाचाच्या कार्यक्रमाची, तिकडे घरीच रेकॉर्ड केलेली. प्लेअरच्या मागे गोलात ५ लिहिलंय. विकतच्या लावल्या की स्क्रीनवर 'राँग रीजन' येतं, घरच्या डिस्कला 'नो डिस्क' येतं, लॅपटॉपमध्ये विकतची घातली तर तो विचारतो रीजन बदलू का, चारच वेळा बदलता येईल, म्हणून तुम्ही घाबरून कॅन्सल केलंत. आणि आता विचारताय की नवा प्लेअर घ्यावा का.

कॅन्सल केलंत ते फार चांगलं केलंत, त्यावर पुढे येतोच. आणि नवा प्लेअर लगेच घेऊ नका. मी वीसेक वर्षं डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दुरुस्त करतोय, आणि बाहेरची डिस्क लागत नाही म्हणून प्लेअर घेऊन येणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांचा प्लेअर ठणठणीत असतो. अडचण एवढीच की 'बाहेरची डिस्क' या एका नावाखाली दोन वेगळी कुलपं असतात, एक रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी विकली त्याचं, आणि एक पाल-एनटीएससीचं, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या पद्धतीचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि लोक एक उघडतात, तरी चित्र नीट येत नाही म्हटल्यावर म्हणतात की रिमोटवर दाबलेला रीजनचा कोड चुकीचा होता. कोड बरोबरच असतो, दुसरं कुलूप अजून लागलेलं असतं.

रीजनचं आधी बघू. डीव्हीडी आली १९९६ च्या शेवटी जपानमध्ये, मग १९९७ मध्ये अमेरिकेत. तेव्हा सिनेमा सगळीकडे एकाच दिवशी लागायचा नाही, अमेरिकेत लागून कित्येक महिन्यांनी दुसऱ्या देशांत थेटरात यायचा, तोवर अमेरिकेत त्याची डीव्हीडीसुद्धा निघायची. स्टुडिओंना भीती ही की ती डिस्क बाहेर गेली तर तिकडच्या थेटरात कोण जाणार, शिवाय प्रत्येक देशात वितरणाचे हक्क वेगळ्या कंपनीला वेगळ्या भावात विकलेले. म्हणून जगाचे तुकडे पाडले. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, २ मध्ये युरोप, जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका, ३ मध्ये दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया, ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका, ५ मध्ये भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग, ६ म्हणजे चीन. ७ राखीव ठेवला, आणि ८ विमानं-जहाजांसाठी.

डिस्कवर ही गोष्ट अगदी साध्या रीतीनं लिहिलेली असते. आठ खुणा आहेत असं समजा, प्रत्येक रीजनची एक, हो किंवा नाही. प्लेअरच्या मेमरीत एक आकडा असतो. डिस्क आत गेली की प्लेअर आपला आकडा काढतो, त्या जागी 'हो' आहे का बघतो, नसेल तर थांबतो. बस, एवढंच. डिस्क खराब नाही, प्लेअर खराब नाही, लेझरनं डिस्क नीट वाचली म्हणूनच तर तो 'राँग रीजन' सांगू शकला! हे लक्षात ठेवा, कारण 'राँग रीजन' आणि 'नो डिस्क' हे दोन मेसेज पूर्ण वेगळे आहेत आणि तुमच्याकडे दोन्ही आलेत. 'नो डिस्क' म्हणजे त्याला आत काही वाचताच आलं नाही, तो रीजनचा मामला नाहीच. तुमच्या सातव्या डिस्कचं वेगळं बघावं लागेल.

एक गैरसमज जाता जाता. 'रीजन ०' असा रीजन मुळात नाहीये. कव्हरवर ० किंवा 'ऑल' लिहिलं असेल तर आठही खुणा 'हो' आहेत एवढाच अर्थ. कव्हरच्या मागे खालच्या कोपऱ्यात एक छोटा पृथ्वीचा गोल असतो, उभ्या-आडव्या रेघांचा, त्यात आकडा. कधी दोन आकडेही असतात, म्हणजे डिस्क दोन्हीकडे चालते. तुमच्या सहाही कव्हरांवर तो बघा, एखादी 'ऑल' निघाली आणि तरी लागत नसेल तर गोष्ट वेगळी.

आणि यात तुम्ही एकटे नाही. २००९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना २५ अमेरिकन सिनेमांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला होता, आणि त्या रीजन १ च्या असल्यामुळे ब्रिटनच्या प्लेअरवर लागत नाहीत अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

आता उघडायचं कसं. कारखान्यात एकाच बोर्डावर सगळ्या जगाचे प्लेअर बनतात, हार्डवेअर तेच, शेवटी फक्त तो मेमरीतला आकडा भरतात. तो भरायला एक छुपा मेनू असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो तुमच्या हातातल्या रिमोटनंच उघडतो. म्हणून पहिलं काम, प्लेअर उलटा करून मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचे आकडे-अक्षरंसुद्धा, कारण त्यावरूनच बहुधा कळतं तो कुठल्या भागासाठी बनवलाय, आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांना कोड वेगळा असू शकतो. मग त्या पूर्ण नंबरासोबत 'रीजन कोड' असं शोधा. एकाच ठिकाणी बघून विश्वास ठेवू नका, तीन-चार लोकांनी आपापल्या प्लेअरवर करून तोच कोड चालला म्हटलंय का ते बघा.

करताना साधारण असं दिसतं. प्लेअर चालू, आत डिस्क नाही. काही मॉडेलमध्ये ट्रे उघडा ठेवायचा, काहींत सेटअपच्या मेनूत जायचं, काहींत त्यातल्या एका ठराविक पानावर जाऊन थांबायचं. मग रिमोटवर चार-पाच आकडे, सावकाश पण मध्ये फार न थांबता. बरोबर बसलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी येते, नाहीतर निळ्या पडद्यावर दोन-तीन ओळींचा साधाच मेनू, वर व्हर्जन नंबर आणि खाली रीजन ५. तिथे वर-खालीच्या बाणानं किंवा थेट आकडा दाबून बदलायचं. सगळ्या रीजनसाठी काही कंपन्या ० ठेवतात, काही ९, काहींत 'फ्री' असं लिहून येतं. मग मेनूतून बाहेर, रिमोटनं बंद, आणि प्लगही काढा, मिनिटभर थांबून परत लावा, कारण काही प्लेअर पूर्ण बंद झाल्याशिवाय नवा आकडा घेत नाहीत.

दोन गोष्टी जपा. आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. आणि त्या मेनूत रीजनशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका, तिथे लेझरच्या आणि बाकी सेटिंगच्या ओळी असू शकतात, त्या हलल्या तर आधी चालत होत्या त्या डिस्कही अडकायला लागतात आणि मग प्लेअर खोलावाच लागतो.

कोडनं होत नसेल तर दुसरा मार्ग फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतला मूळ प्रोग्रॅम, बदलण्याचा असतो, त्याची फाइल सीडीवर लिहून प्लेअरमध्ये घालायची. हा मी घरी करायला सांगत नाही. माझ्याकडे एकांचा प्लेअर आला होता, अपडेट चालू असताना वीज गेली, परत आल्यावर समोरचा हिरवा दिवा लागायचा आणि बास, ट्रेसुद्धा उघडेना. आत त्यांचीच डिस्क अडकलेली, ती काढायला झाकण खोलून ट्रेचं दातेरी चाक हातानं फिरवावं लागलं. प्लेअर गेला तो गेलाच. जे कुलूप कोडनं उघडत नाही त्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा सुरुवातीपासून सगळे रीजन चालणारा प्लेअर घ्या.

समजा तुमचा उघडला, सगळे रीजन केले, सहापैकी पाच डिस्क छान लागल्या आणि सहावी लावली की जगाचा नकाशा दिसतो आणि 'हा प्लेअर या डिस्कसाठी नाही' अशा अर्थाचा मजकूर. घाबरू नका, याला आरसीई म्हणतात. लोक प्लेअर '०' करून घेतायत हे स्टुडिओंच्या लक्षात आल्यावर २००० च्या सुमाराला काही डिस्कमध्ये, मुख्यतः रीजन १ च्या, हे घातलं. अशा डिस्कच्या खुणा सगळ्या 'हो' असतात, पण डिस्कवरचा छोटा प्रोग्रॅम प्लेअरलाच विचारतो की बाबा तुझा आकडा काय? प्लेअरनं १ सांगितलं तर सिनेमा, ० किंवा दुसरं काही सांगितलं तर नकाशा. म्हणजे उपाय उघड आहे, त्या डिस्कपुरतं परत छुप्या मेनूत जायचं आणि ० किंवा ९ च्या जागी सरळ १ करायचं. म्हणूनच मला स्वतःला 'कायम सगळे रीजन' पेक्षा हवा तो आकडा हातानं लावता येणारा प्लेअर जास्त आवडतो. काही प्लेअर डिस्क बघून आकडा आपोआप बदलतात, ते इथे फसतात, कारण सगळ्याच खुणा 'हो' दिसल्यावर त्यांनी काय निवडायचं? त्यांना युक्ती अशी, आधी रीजन १ ची साधी डिस्क लावा, दोन-चार सेकंद चालू द्या, म्हणजे प्लेअर १ वर जातो, मग बंद न करता ती काढून ही घाला, बऱ्याच वेळा जमून जातं.

आता दुसरं कुलूप. अमेरिका, कॅनडा, जपान इथली टीव्हीची पद्धत एनटीएससी, आणि युरोपचा मोठा भाग, भारत, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणी पाल. डीव्हीडीवर याचा अर्थ असा की पाल डिस्कचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीचं ७२० बाय ४८०, सेकंदाला ३० ला किंचित कमी. रीजनच्या आकड्यावरून ही पद्धत ओळखता येत नाही हे नीट समजून घ्या. जपान आणि ब्रिटन दोन्ही रीजन २, पण जपानची डिस्क एनटीएससी, ब्रिटनची पाल. ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको दोन्ही ४, तिथेही तेच. आणि 'ऑल रीजन' लिहिलेली डिस्कसुद्धा या दोनपैकी एका पद्धतीतच असते, त्यामुळे रीजन कुठलाच नाही आणि तरी चित्र बिघडलंय असं होऊ शकतं. कव्हरवर गोलाच्या आसपासच पाल किंवा एनटीएससी छापलेलं असतं. तुमच्या अमेरिकेच्या, म्हणजे एनटीएससी असणार.

चांगली बातमी अशी की पाल देशांत विकलेले प्लेअर बहुतेक करून एनटीएससी डिस्क वाचतात. अडतं ते टीव्हीला बाहेर काय पाठवायचं तिथे. सेटअपमध्ये 'टीव्ही सिस्टिम' किंवा 'टीव्ही टाइप' अशी ओळ असेल, तिथे पाल, एनटीएससी आणि ऑटो किंवा मल्टी असे पर्याय असतात. टीव्ही सपाट, नवा, एचडीएमआय केबलनं जोडलेला असेल तर ऑटो किंवा मल्टी ठेवा, मग जशी डिस्क तसं जातं आणि टीव्ही आपलं आपण जुळवून घेतो. जुना डब्याचा टीव्ही असेल आणि जोडणी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची असेल तर मात्र चित्राकडे नीट बघा, काय बिघडलंय ते चित्रच सांगतं. चित्र स्थिर आहे पण ब्लॅक अँड व्हाइट आलंय, म्हणजे टीव्हीनं वेग पकडला पण रंग उलगडता आले नाहीत, कारण पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेला आणि एनटीएससीचा ३.५८ वर. चित्र एकसारखं वर सरकतंय, खालून काळी पट्टी येते आणि वर जाते, म्हणजे टीव्हीला सेकंदाला ५० वेळा चित्र आखायची सवय आणि प्लेअर पाठवतोय ६० वेळा. नुसता रंग गेला असेल तर प्लेअर आउटपुट पालवर टाकून बघा, बरेच प्लेअर मग ६० चा वेग तसाच ठेवून रंग तेवढा पालचा करतात, त्याला पाल ६० म्हणतात आणि पुष्कळ जुन्या टीव्हींना ते चालतं. प्लेअरला आणि टीव्हीला हिरवी-निळी-लाल अशी कॉम्पोनंटची तीन भोकं असतील तर तिथून जोडा, त्यात रंगाच्या पद्धतीचा प्रश्नच उरत नाही, फक्त ५० की ६० एवढंच राहतं.

हे बदलताना एक हमखास होतं, चुकीचं सेटिंग लागतं, स्क्रीन काळी नाहीतर गरगर फिरणारी, आणि मेनूच दिसत नाही म्हटल्यावर परत कसं फिरणार? रिमोटवर 'पी/एन' किंवा 'पाल/एनटीएससी' असं लिहिलेलं बटण आहे का बघा, ते एकदा दाबा, तीन-चार सेकंद थांबा, परत दाबा. घाईनं पटापट दाबलं तर फिरून तिथेच येतं. बटण नसेल तर प्लेअर तेवढ्यापुरता एखाद्या नव्या टीव्हीला लावा, सेटिंग परत करा आणि जुन्याला आणून जोडा.

उलट दिशेला मात्र सांभाळा. तुम्ही बहिणीला इकडच्या पाल डिस्क पाठवणार असाल तर तिथे जास्त अडेल, कारण अमेरिकेत विकलेले बरेच प्लेअर आणि टीव्ही ५० चं चित्र घेतच नाहीत, रीजन ऑल असला तरी. तिला पालचं एनटीएससी करून देणारा प्लेअर लागेल.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो कारण ती मला खरंच महत्त्वाची वाटते. लोक म्हणतात एनटीएससी डिस्क हलकी, रेघा कमी. रेघा कमी आहेत हे खरं, पण सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमनं, आणि पाल डिस्कवर घालताना तो बहुधा सरळ २५ च्या वेगानं पळवतात. म्हणजे साधारण ४ टक्के जलद. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो, आणि आवाज वेगळा दुरुस्त केला नसेल तर सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी, पण वर चढतो. बोलण्यात कळत नाही, पण ज्याचा कान तयार आहे त्याला गाण्यात लगेच कळतं, ओळखीचा आवाज जरा बारीक वाटतो. एनटीएससी डिस्कमध्ये काही फ्रेमचे भाग जास्त वेळ दाखवून २४ चे ३० करतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना किंचित झटके दिसतात, पण वेग आणि सूर जागेवर राहतो. तुमच्या सहात संगीताचा सिनेमा असेल तर ती अमेरिकन डिस्क जपून ठेवा, इकडची पाल प्रत मिळाली तरी.

आता लॅपटॉप. २००० सालापासून बनणाऱ्या कम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजनचा आकडा ड्राइव्हच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो आणि तो पाचदाच बदलता येतो. पाचव्यांदा जो लावाल तो कायमचा. विंडोज नव्यानं टाकलं, हार्ड डिस्क बदलली, काही फरक पडत नाही, मोजणी ड्राइव्हमध्येच आहे. तुम्हाला चार उरलेत असं दिसलं म्हणजे एकदा कधीतरी लावला गेलाय. आता लोक काय करतात, अमेरिकेची डिस्क घातली, हो म्हटलं, एक गेला, मग घरची डिस्क घातली, परत हो, दुसरा गेला, आणि आठवडाभरात ड्राइव्ह नको त्या आकड्यावर कायमचा बसतो. म्हणून म्हटलं, कॅन्सल केलंत ते चांगलं केलंत. किती उरलेत ते बघायला विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीव्हीडी रीजन' असा टॅब असतो, नुसतं बघितल्यानं काही कमी होत नाही.

सर्वांत साधा आणि पक्का उपाय विचाराल तर यूएसबीवर चालणारा वेगळा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि तो एकदाच रीजन १ वर लावून टाका. एक बदल खर्च, पुढे कधी हात लावायचा नाही. लॅपटॉपचा आतला ५ वर, बाहेरचा १ वर, ड्राइव्हवर मार्करनं मोठा १ लिहून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून बदलणार नाही. बहीण पुढेही डिस्क पाठवणार असेल तर हाच मार्ग, आणि एचडीएमआयनं लॅपटॉप टीव्हीला जोडला की प्लेअरची गरजच उरत नाही, पाल-एनटीएससीचा प्रश्नही नाही कारण कम्प्युटरला दोन्ही सारखंच.

कोणी तुम्हाला सांगेल व्हीएलसी टाक, म्हणजे कम्प्युटरवर व्हिडिओ बघायचा प्रोग्रॅम, तो रीजन-बिजन काही विचारत नाही. अर्धं खरं आहे. विकतच्या डिस्कवरचा डेटा सीएसएस नावाच्या पद्धतीनं गुंतवलेला असतो, ४० बिटची किल्ली, आजच्या मानानं फारच छोटी. ते १९९९ मध्येच फुटलं, नॉर्वेच्या योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलावर त्यावरून खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. व्हीएलसी त्याच वळणाच्या एका छोट्या प्रोग्रॅमनं किल्ली स्वतः शोधून काढतो, त्यामुळे ड्राइव्हचा आकडा न बदलता बऱ्याच डिस्क लागतात, आरसीईच्याही. पण काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधले काही, आकडा जुळला नाही तर डेटाच पुढे देत नाहीत, मग व्हीएलसी नुसता गोल फिरत राहतो किंवा हिरवे-जांभळे चौकोन दिसतात. ते दिसले म्हणजे डिस्क खराब असं समजून फेकू नका. आधी व्हीएलसीनं बघा, फुकटच आहे, त्यानं झालं तर बाहेरच्या ड्राइव्हचाही खर्च वाचला. फक्त डिस्क घातल्यावर विंडोजचं किंवा दुसऱ्या प्लेअरचं रीजनचं विचारणं आलं तर नेहमी नाही म्हणा, व्हीएलसीला त्याची गरज नसते.

कायद्याचं थोडक्यात. प्रत्येक देशात वेगळं आहे. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा असं कुलूप तोडण्याबद्दल कडक आहे, उलट ऑस्ट्रेलियानं २००६ च्या दुरुस्तीत सिनेमांच्या रीजन कोडला या संरक्षणातून बाहेरच ठेवलं. माझं मत सरळ आहे, पैसे देऊन घेतलेली डिस्क आपल्या घरी बघणं ही चोरी नाही, तिच्या कॉप्या काढून वाटणं ही आहे, आणि तुम्ही जिथे राहता तिथलं एकदा बघून घ्या.

एवढं करूनही नवा प्लेअर घ्यायचाच झाला तर विकणारा 'मल्टी' म्हणाला म्हणून घेऊ नका. मल्टी कशात, रीजनमध्ये की पाल-एनटीएससीमध्ये की नुसता एमपी३ चालतो म्हणून? आपली एक रीजन १ ची डिस्क बरोबर न्या, लावून बघा, दहा मिनिटं चालू द्या, मेनूत जाऊन सबटायटल बदलून बघा. बहिणीला तिकडून प्लेअर पाठवायला सांगणार असाल तर मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलंय का ते आधी बघायला सांगा, नुसतं १२० लिहिलं असेल तर २३० च्या प्लगात घातल्याबरोबर आतलं पॉवर सप्लाय उडेल. असे उडालेले मी बरेच बघितलेत, आणि त्यातले काही तर डबा उघडल्या दिवशीच.

ब्लू-रे प्लेअरचा विचार मनात असेल तर एवढंच, त्यात ब्लू-रेचे रीजन वेगळे, ए, बी, सी, आणि डीव्हीडीचे वेगळे, एकाचं कुलूप उघडलं म्हणजे दुसऱ्याचं उघडलं असं नाही. अमेरिका आणि जपान दोन्ही ए मध्ये, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत, चीन, रशिया सी. पुष्कळ ब्लू-रे डिस्क सगळीकडे चालतात, पण प्लेअरचा ब्लू-रे रीजन रिमोटच्या कोडनं सहसा उघडत नाही, त्याला आत बोर्डावर काम करावं लागतं. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजनच नाही, ते एक बरं झालं.

राहिली भाचीची डिस्क, आणि खरं तर मला तिचीच जास्त काळजी वाटते, कारण बाकीच्या सहा कुठेही परत मिळतील. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर साधारणपणे रीजन नसतो. 'नो डिस्क' येतंय म्हणजे दोन शक्यता. एक, रेकॉर्डरवर डिस्क 'फायनलाइझ' केलेली नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर हे शेवटचं काम करावं लागतं, त्यात डिस्कच्या सुरुवातीची अनुक्रमणिका लिहिली जाते, ती नसेल तर दुसऱ्या कुठल्याही प्लेअरला डिस्क रिकामी दिसते, ज्या रेकॉर्डरवर केली त्यावर मात्र मस्त चालते, म्हणून पाठवणाऱ्याला कळतच नाही. दुसरी शक्यता, लिहिलेल्या डिस्कचा खालचा भाग जांभळट असतो आणि छापील डिस्कपेक्षा प्रकाश कमी परतवतो, तुमच्या प्लेअरचा लेझर थकला असेल तर छापील वाचतो आणि ही वाचत नाही. घरात दुसरी एखादी लिहिलेली डिस्क असेल तर ती लावून बघा, तीही नाही लागली तर लेझरच, लेन्स साफ करून किंवा दुसऱ्या प्लेअरवर लागेल.

लॅपटॉपला लावली आणि त्यानं 'रिकामी डिस्क आहे, काय लिहायचं' असं विचारलं तर तिथेच थांबा, काहीही ओके करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. तो बहुधा फायनलाइझचाच मामला आहे आणि रेकॉर्डिंग आत शाबूत असणार. खालची बाजू डाग-बोटं न लावता कव्हरमध्ये ठेवा आणि आजच बहिणीला फोन करून विचारा की तो रेकॉर्डर घरात आहे ना, कारण फायनलाइझ बहुधा त्याच मशीनवर होतं, फार तर त्याच कंपनीच्या तशाच दुसऱ्या मॉडेलवर, आणि ही मशीनं आता लोक अडगळ म्हणून टाकून देतायत. असेल तर डिस्क तिच्याकडे परत पाठवा, ती सेटअपमध्ये जाऊन फायनलाइझ करेल, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मध्ये बंद करू नको म्हणावं, आणि झाल्यावर तिथेच कम्प्युटरवर फाइल कॉपी करून ठेवायला सांगा, मग डिस्क परत पोचायच्या आतच तुम्हाला नाच बघायला मिळेल.